एम.ए. क्रिमिनॉलॉजी करू का? अमळनेरच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेरला मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालंय आणि क्रिमिनॉलॉजीत, म्हणजे गुन्हेगारीशास्त्रात, एम.ए. करायचं मनात आहे. वडील म्हणतात, पोलिसात जायचं असेल तर सरळ भरतीची तयारी कर, नाहीतर बी.एड. करून मोकळी हो. या विषयाला स्कोप आहे का, आणि असला तरी खान्देशात राहून त्याचा काही उपयोग आहे का, हे तुम्हाला कुणी नीट सांगत नाही. मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत परिविक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. परिविक्षा म्हणजे गुन्हा केलेल्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवणं; त्याची घरची चौकशी आणि देखरेख हा अधिकारी करतो. आता समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो. जे पाहिलं त्यावरून सांगतो.

तुम्ही लिहिलंय की "गुन्हेगाराच्या डोक्यात काय चालतं ते समजून घ्यायचंय." खरी अडचण या वाक्यात आहे. त्यात तीन वेगवेगळे व्यवसाय एकात मिसळलेत आणि तिघांचे रस्ते वेगळे आहेत. घटनास्थळावरचं रक्त, ठसे, विष, बंदुकीची गोळी यांची तपासणी हे न्यायसहायक विज्ञानाचं, म्हणजे फॉरेन्सिकचं काम. तिथे रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र अशी विज्ञानाची पदवी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं असं आलंय. त्यामुळे या माणसांची गरज वाढणार, पण बी.ए. वाल्यांसाठी तो दरवाजा नाही. दुसरा व्यवसाय मानसोपचाराचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठीचं शिक्षण वेगळं आहे. क्रिमिनॉलॉजीच्या एम.ए. वर ती मिळत नाही.

तिसरं ते गुन्हेगारीशास्त्र. गुन्हा का घडतो, कुठे आणि कुणाच्या हातून घडतो, समाज कशाला गुन्हा ठरवतो, पोलीस, कोर्ट आणि तुरुंग त्या माणसाचं पुढे काय करतात, आणि ज्याच्यावर गुन्हा झाला त्याच्या वाट्याला काय येतं, हा त्याचा पसारा. डोक्यात काय चालतं हा त्यातला एक छोटा कोपरा. वेब मालिकांमध्ये तोच सगळा विषय वाटतो, म्हणून दरवर्षी काही विद्यार्थी पहिल्या सत्रातच हिरमुसतात. समोर येतं ते समाजशास्त्र, कायदा, संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती. हे वाचूनही तुमचा उत्साह टिकला, तर विषय तुमचा आहे असं समजा.

वडिलांचं म्हणणं एका बाबतीत अगदी बरोबर आहे. पीएसआय व्हायला क्रिमिनॉलॉजी लागत नाही. एमपीएससीला कोणतीही पदवी चालते आणि मैदानी चाचणीत एम.ए. चे गुण मिळत नाहीत. वर्दी हेच ध्येय असेल तर दोन वर्षं इथे घालवू नका, हे मी ओळखीच्या पालकांनाही स्पष्ट सांगतो.

मग हे शिकून माणूस नेमकं काय करतो? एक काम जवळून दाखवतो. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आला की त्याला बाल न्याय मंडळापुढे आणतात. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात, त्यात किमान एक महिला. मुलाला पहिल्यांदा हजर केलं की मंडळ परिविक्षा अधिकाऱ्याकडून सामाजिक तपास अहवाल मागवतं. मुदत पंधरा दिवस.

एकदा सोळा वर्षांच्या एका पोराचं प्रकरण आलं. ओळख पटेल असं काही सांगत नाही, कायद्यानेही सांगता येत नाही. पोलिसांच्या कागदावर तीन मोटारसायकली चोरल्याचा आरोप. अशा अहवालांत एक ठरलेलं वाक्य असतं: "घरची परिस्थिती गरिबीची असून मुलास वाईट संगत आहे." ते लिहून सही केली असती तर कुणी विचारलं नसतं. मी त्याच्या घरी गेलो. पत्र्याची खोली, बाहेर बाज, त्यावर आजी. आई-बाप ऊसतोडीला गुजरातेत. दिवाळीनंतर टोळीबरोबर गेलेले, उन्हाळ्यापर्यंत यायचे नव्हते. पोरगा दहावीनंतर घरी बसलेला. आजी एवढंच म्हणाली, "भाऊ, पोऱ्या चोर नही शे. त्याले गाडीनं येड शे."

आजी नातवाची बाजू घेणारच, म्हणून तिच्या शब्दावर मी थांबलो नाही. तिन्ही गाड्या कुठे आणि कोणत्या अवस्थेत सापडल्या ते पंचनाम्यांतून पाहिलं. तिन्ही रस्त्याच्या कडेला उभ्या, टाक्या रिकाम्या. एकीचीही नंबरप्लेट बदललेली नाही, एकही सुटा भाग काढलेला नाही. पेट्रोल संपलं की गाडी तिथेच सोडायची. तिन्ही उचलल्या त्या आठवडे बाजाराच्या दिवशी, गर्दीतून, आणि दोन गाड्यांना किल्ली तशीच लावलेली.

आता इथे पुस्तक कामाला येतं. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ साली मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, सोपं लक्ष्य आणि राखणाऱ्याची गैरहजेरी. किल्ली लावलेली गाडी आणि बाजाराची गर्दी म्हणजे त्यातल्या दोन गोष्टी. हिर्शी यांनी १९६९ मध्ये उलट्या बाजूने विचारलं: बहुतेक माणसं गुन्हा का करत नाहीत? त्यांचं उत्तर होतं, घर, शाळा, काम आणि जवळची माणसं यांचे बंध त्यांना धरून ठेवतात. या पोराचे सगळे बंध ऊसतोडीच्या हंगामात सुटत होते. विक्रीसाठी गाड्या चोरणाऱ्या टोळीतला मुलगा आणि हा मुलगा, दोघांचं कलम एकच. पण दोघांना एकच उपाय लावला तर या दुसऱ्याला आपण स्वतःच्या हाताने टोळीत नेऊन बसवतो. मी अहवालात हे सगळं मांडलं आणि दोषी ठरलेल्या मुलांना ठेवतात त्या विशेष गृहाऐवजी परिविक्षेवर देखरेखीत ठेवावं अशी शिफारस केली. गॅरेजमध्ये काम शिकण्याची सोयही सुचवली. मंडळाने ती मान्य केली.

सांगायचं हे की या विषयात पदवीचं खरं फळ म्हणजे असा अहवाल लिहिता येणं. माणसाकडे, जागेकडे आणि कागदाकडे एकाच वेळी बघायची सवय लागते. ती शिकवून येते, नुसत्या कळवळ्याने येत नाही. कळवळा असलेले पुष्कळ लोक मी पाहिलेत ज्यांचा अहवाल "वाईट संगत" च्या पुढे जात नाही.

असा अहवाल मोठ्या माणसांच्या बाबतीतही लागतो. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ सालचा आहे. आरोपी २१ वर्षांखालचा असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघावा असं त्यात आहे. जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवा ही शिक्षा आलीय. पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस, पाच हजारांच्या आतली चोरी आणि मालही परत केलेला, अशांना ती मिळते. ही सेवा कोण ठरवणार, कोण देखरेख करणार, हे काम पुढच्या वर्षांत उभं राहायचंय.

तुमच्या मानसशास्त्राचा उपयोगही इथेच आहे. १६ ते १८ वयाच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का, हे ठरवण्याआधी मंडळाला त्याची मानसिक क्षमता आणि समज यांचं प्राथमिक मूल्यमापन करावं लागतं. मंडळातल्या कुणाकडेच बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी नसेल तर जाणकाराची मदत घ्यावीच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं. मुंबई-पुण्यात असा जाणकार फोनवर मिळतो. धडगावच्या पोराची पावरी किंवा भिली समजणारा जाणकार शोधायला मात्र नंदुरबारात घाम फुटतो.

तुरुंगात तर या विषयाची फारच गरज आहे. धुळ्याचा तुरुंग म्हटला की आपल्याकडे विनोबा आठवतात. १९३२ साली ते तिथे गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. आजच्या तुरुंगात बराकीत बसलेले बहुतेक लोक शिक्षा झालेले नसतात, खटला चालू असलेले असतात. त्यात असेही असतात ज्यांचा जामीन मंजूर झालाय पण जामीनदार मिळत नाही, कारण घरच्यांना कळवायलाच कुणी गेलेलं नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. त्यातून फाशी आणि जन्मठेपेचे गुन्हे वगळलेत, आणि ज्यांच्यावर एकाहून जास्त खटले आहेत त्यांनाही हा लाभ नाही. पण ती यादी काढणं, कागद जुळवणं, घर शोधणं हे कुणीतरी करावं लागतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा "प्रयास" हा प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रातल्या तुरुंगांत हेच काम करतोय. तुम्ही त्यांच्या कामाची पद्धत जरूर समजून घ्या.

आता आकड्यांबद्दल, कारण मुलं संख्याशास्त्राला घाबरतात आणि तोच भाग टाळतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे देतो. ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या गुन्ह्यांचे नसतात. एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी सर्वांत गंभीर एकच मोजलं जातं. नंदुरबारच्या डोंगरात एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण झाली आणि कागदावर फक्त मारहाणीचं कलम लागलं, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं लागलंच नाही, तर आकड्यांत ती डाकीण प्रथा दिसणारच नाही.

याहून महत्त्वाचं उदाहरण मुलांच्या अपहरणाचं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हरवलेल्या अल्पवयीन मुलाच्या प्रत्येक तक्रारीत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. आदेश योग्यच होता. आता भुसावळ स्टेशनवर सापडणारा घरातून रागावून पळालेला मुलगा, प्रियकराबरोबर गेलेली सतरा वर्षांची मुलगी आणि खरोखर पळवलेलं बाळ, तिघांची पहिली नोंद एकाच सदरात होते. ज्याला हे माहीत नाही तो आकडा बघून म्हणेल की पोरं पळवणाऱ्या टोळ्या मोकाट सुटल्यात.

१ जुलै २०१८ ला आपल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. आठवडे बाजाराला आलेले सोलापूरकडचे पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. मोबाइलवर फिरणाऱ्या "पोरं पळवणारी टोळी" या अफवेवरून जमावाने त्यांना ठार मारलं. एक गुन्हेगारीशास्त्रज्ञ म्हणून मला या घटनेत अजूनही झोप न येऊ देणारे प्रश्न दिसतात. घाबरलेला गाव कोणत्या क्षणी जमाव होतो? अफवा खोडून काढणारा, गावाचा विश्वास असलेला माणूस त्या दिवशी का नव्हता? आणि संशय भटक्यांवरच इतक्या पटकन का बसला?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला इतिहासात जावं लागतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवलं. कायदा १९५२ साली गेला, पण घरफोडी झाली की आधी पारध्यांच्या पालावर चौकशीला जायची सवय गेली नाही. खान्देशाला तर याची त्याआधीचीही ओळख आहे. १८२५ साली धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होतं, त्यांनाच पगार आणि हत्यार देऊन बंदोबस्ताला लावलं. गुन्हेगार कोण आणि रखवालदार कोण, हे ठरवणारा हात कुणाचा असतो, हा आमच्या शास्त्रातला सर्वांत मोठा प्रश्न आहे आणि त्याचं दप्तर तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. सातपुड्यापलीकडून येणारे गावठी कट्टे घ्या, तापी-गिरणेतला वाळूउपसा घ्या, तडीपारीचे आदेश घ्या. एम.ए. च्या प्रबंधासाठी विषय शोधत दिल्लीला जायची गरज नाही.

शिकायला मात्र बहुधा बाहेर जावं लागेल. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याच्या एम.ए. मध्ये गुन्हेगारी आणि न्याय ही शाखा आहे. प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. प्रत्यक्ष माणसांत काम करायचं असेल तर माझी पहिली पसंती तिलाच. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहेत, दोन्हींना २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला. तिथला कल तपास, सुरक्षा आणि सायबरकडे जास्त. अमळनेर तापी लाईनवरच असल्याने सुरतमार्गे अहमदाबाद तुम्हाला परकं वाटणार नाही. मध्य प्रदेशात सागरचं विद्यापीठ या विषयात जुनं आहे, तिथला विभाग १९५९ चा. राज्याबाहेर जाणार असाल तर कोणती शिष्यवृत्ती लागू राहते ते प्रवेशाआधी समाजकल्याण कार्यालयात विचारा, नंतर धावपळ नको.

घरची परिस्थिती बाहेर जाऊ देणारी नसेल तर तेही सांगायला संकोच करू नका. जळगाव किंवा चोपड्याला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करा, क्षेत्रकार्यासाठी बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृह (चौकशी चालू असलेली मुलं ठेवतात ते) किंवा मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण मागून घ्या आणि प्रबंध गुन्हेगारीवर करा. किंवा एलएल.बी. करून पुढे फौजदारी कायद्यात एलएल.एम. खान्देशात राहून काम करायचं असेल तर, माझ्या मते, नुसत्या क्रिमिनॉलॉजीच्या पदवीपेक्षा समाजकार्य किंवा कायद्याच्या पायावर उभी असलेली क्रिमिनॉलॉजी जास्त टिकते. कारण सरकारी जाहिराती पदांच्या नावाने निघतात: परिविक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, समुपदेशक, बाल संरक्षण कक्षातली पदं. प्रत्येक जाहिरातीतली अर्हता वेगळी असते. मागच्या जाहिराती उघडून अर्हतेची ओळ स्वतः वाचा आणि मग अभ्यासक्रम निवडा. प्राध्यापकी हवी असेल तर यूजीसी-नेट या पात्रता परीक्षेला क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे, पण जागा मोजक्या आणि बहुतेक राज्याबाहेर.

पगाराचं खरं सांगायला हवं. बाल संरक्षणातली बरीच पदं कंत्राटी असतात, करार दरवेळी नव्याने होतो आणि मानधन उशिरा येतं. पहिली काही वर्षं बी.एड. झालेली मैत्रीण तुमच्यापेक्षा निवांत दिसू शकते. बँका आणि मोठ्या कंपन्यांत आर्थिक फसवणुकीच्या तपासाला माणसं लागतात, तिथे पैसा बरा, पण मग पुणे-मुंबई आलं. हे घरात आधीच बोलून घ्या. आणि मनावर येणारा भार खरा आहे. लहान मुलीवरच्या अत्याचाराचं प्रकरण ऐकून घरी आल्यावर जेवण जात नाही असे दिवस येतात. बोलायला एखादा ज्येष्ठ सहकारी असणं ही चैन समजू नका, ती या कामातली गरज आहे.

प्रवेशाचा निर्णय घ्यायला तुमच्या हातात काही महिने आहेत. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात. तोवर दोन गोष्टी करा. फौजदारी न्यायालयाचं कामकाज सहसा सर्वांना खुलं असतं, बलात्कार आणि पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याची) प्रकरणं वगळून. अमळनेरच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा, सलग आठवडाभर, वही घेऊन. निकालांकडे फार लक्ष देऊ नका. कोण हजर नाही, तारीख का पडली, साक्षीदाराला बसायला जागा आहे का, आरोपीशी त्याचा वकील किती वेळ बोलला, हे टिपा. दुसरं, जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विधी स्वयंसेवक होता येईल का ते विचारा. आठवड्यानंतर वहीत काय उतरलंय ते वाचून बघा. प्रश्नच प्रश्न निघाले तर अर्ज भरा आणि वडिलांना ती वही वाचायला द्या. त्यांना आणखी काही विचारायचं असेल तर तेही इथे लिहा, मी उत्तर देईन.